एक मार्चचा सूर्योदय

"मोजणीनंतर या घरात कोणी जन्मलं? कोणी वारलं?" नलिनीने विचारलं. मान वर केली नाही.

सकाळपासून हाच प्रश्न तिने चाळीस दारांत विचारला होता. एक्क्याऐंशीची जनगणना फेब्रुवारीत झाली होती. मार्चच्या तीन तारखेची ही फेरी पडताळणीची. नियम साधा होता. एक मार्चच्या सूर्योदयाला जो जिवंत, तो देशात. त्याआधी गेला, त्याच्या नावावर काट. स्वतःचं दार तिने शेवटी ठेवलं होतं. मुलुंडच्या चाळीतल्या दोन खोल्या, उत्तर द्यायला आई, आणि भिंतीलगत रिकामी कॉट.

सुतकात बाई दारोदार फिरते म्हणून शेजारच्या शकुने नाक मुरडलं होतं. "अण्णांनीच पाठवलं असतं," एवढंच नलिनी म्हणाली होती.

अण्णा, तिचे वडील, शाळेत भूगोल शिकवत. तीन जनगणनांना वही घेऊन फिरले होते. नकाशात देश दिसतो, माणसं मोजायला चालावं लागतं, असं वर्गात सांगत. फेब्रुवारीत नलिनी फॉर्म घेऊन त्यांच्या कॉटपाशी बसली, तेव्हा धापा टाकत त्यांनी दटावलं, "लेक म्हणून नको. परक्यासारखं विचार. हं, नाव?" सगळी उत्तरं झाल्यावर हसले. "एक तारखेचं उजाडलेलं तेवढं बघतो गं. चीन आधीच पुढे आहे, आपल्याकडचा एक कशाला कमी करू?"

अठ्ठावीसच्या रात्री बेघरांची मोजणी होती. चेकनाक्याच्या फुटपाथवर झोपलेल्यांच्या तोंडावरची पांघरुणं बाजूला करत नलिनी पहाटेपर्यंत फिरली. सहाला घरी आली. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. "आत्ताच डोळा लागलाय," आई कुजबुजली. तरी ती कॉटच्या पायथ्याशी बसली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, एकशे चौदा." मग बसल्या जागीच तिला झोप लागली.

साडेसातला आईने हलवून उठवलं. डॉक्टरांनी दाखल्यावर तीच वेळ लिहिली. सूर्य सातच्या सुमाराला उगवला होता. दोन दिवस नलिनी त्या अर्ध्या तासाच्या आधाराने उभी होती. अण्णा मोजले गेले होते. आणि ती घरी होती.

"सांग ना आई. कोणी वारलं?"

"हे गेले."

"सूर्योदयाआधी की नंतर?" प्रश्न नुसता रीतीचा होता.

"आधी."

पेन थांबलं. "दाखल्यावर साडेसात आहे."

"मी सांगितलं म्हणून. पाच वाजले होते. दूधवालासुद्धा आला नव्हता."

"मग मी आले तेव्हा..."

"रात्रभर चालून आली होतीस. पाय बघितलेस का तुझे? म्हटलं, घटकाभर झोपू दे पोरीला." आईने पदर सारखा केला. "डॉक्टरला खोटं सांगितलं. तुलाही. पण या कागदावर नाही जमायचं मला, नलू. त्यांचा कागद आहे हा."

नलिनीने दप्तरातून पट्टी काढली. पहिल्या ओळीवर रेघ मारली. नकाशाची चौकट आखायला त्यांनीच शिकवलं होतं तशी, हात न उचलता, एका दमात. खाली तीनचे दोन केले. शाईवर फुंकर घातली.

"त्यांना कळलं होतं का गं?" तिने विचारलं. "एवढ्याशाने राहिलं ते?"

"नाही," आई म्हणाली. "उजाडलं का, विचारलं त्यांनी. मी म्हटलं, हो, ऊन आलंय खिडकीत."