पलंगाखालची मनी

अकराच्या ठोक्याला फोन वाजला आणि जनावरांच्या दवाखान्यात एकदम चिडीचूप झालं. डॉक्टर सुई हातात धरून तसेच थांबले. बाकड्यावरच्या माणसांनी आपापल्या कुत्र्यांची तोंडं दाबून धरली. काउंटरवरच्या ताईनं रिसीव्हर कानाला लावला.

“अर्धी बाहेर आली,” पलीकडून घड्याळजी कुजबुजला.

ताईनं ते सगळ्यांना सांगितलं आणि घरच्या कुणाचा निकाल लागावा तशी बाकड्यावरची माणसं एकमेकांकडे बघून हसली.

हे वेड सोमवारपासूनचं. दवाखान्याच्या काचेच्या दारावर ताई दर आठवड्याला स्वतः लिहून एक पत्रक चिकटवायची. वर बातम्या, म्हणजे कोणाला पिल्लं झाली, कोणाचं प्लॅस्टर निघालं. आणि खाली सल्ला. सल्ला देण्याची ताईला भारी हौस. या वेळी तिनं लिहिलं होतं, ‘नव्या घरात कोणी बिचकत असेल तर आम्हाला विचारा.’ विचारलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका एकट्या माणसानं; दवाखान्यात त्याचं नाव घड्याळजीच पडलं. त्याची बहीण महिन्यापूर्वी गेली होती आणि तिची मनी त्याच्याकडे आली होती. आली ती थेट पलंगाखाली शिरली. बोलावलं की आणखी आत सरकायची. शनिवारी बहिणीच्या सासरची माणसं येणार होती, आणि मनी रुळलेली दिसली नाही तर तिला घेऊन जाणार होती.

“ती गेली तर बहिणीचं काहीच उरत नाही माझ्याकडे, ताई,” तो म्हणाला होता.

मनी म्हटल्यावर ताईला पुढं काही विचारायचं कारणच नव्हतं. एका मांजरासाठी सासरची माणसं येतात याचं जरा नवल वाटलं, पण कासवावरून अबोला धरलेले सख्खे भाऊ तिनं याच काउंटरवर पाहिले होते. तिनं बाह्या सरसावल्या.

ओढून बाहेर काढायचं नाही. बशी पलंगाजवळ ठेवायची आणि खोलीतून निघून जायचं. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि पेपर मोठ्यानं वाचायचा, म्हणजे आवाजाची सवय होते. बहिणीची वापरलेली शाल आत सरकवायची, ओळखीच्या वासानं धीर येतो. शू कुठं करते, हेही ताईनं स्पष्ट विचारलं. घड्याळजी अडखळला. मग म्हणाला, जाते तिची ती, आपण नसताना. शहाणी आहे, असा ताईनं शेरा मारला.

“आणि नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटायचे, सावकाश उघडायचे,” ती म्हणाली. “मांजरांच्या भाषेत त्याचा अर्थ, मी काही करत नाही, तू घाबरू नकोस.”

पलीकडे कागदावर पेन्सिल खरखरली. मग घड्याळजी म्हणाला, “करून बघतो.”

मंगळवारी बशी रिकामी झाली. बुधवारी मनी शालीत तोंड खुपसून झोपली. गुरुवारी अर्धी बाहेर आली. शुक्रवारी वाचायला पेपर पुरला नाही, म्हणून घड्याळजीनं सुट्या भागांची यादी वाचून दाखवली, आणि स्प्रिंगांपाशी आला तेव्हा ती येऊन त्याच्या पाठीला टेकून बसली. डॉक्टरांनी त्या दिवशी एका बोकडाच्या मालकाला बोलावून ही हकीकत सांगितली. त्याचा काही संबंध नव्हता.

शनिवारी अकरा वाजले, बारा वाजले, फोन नाही. ताईचा जीव टांगणीला लागला. एका पोपटाचं कार्ड तिनं सशाच्या नावानं भरलं. एक वाजता फोन आला तेव्हा घड्याळजीला धड बोलता येत नव्हतं.

“त्यांनी हाक मारली,” तो म्हणाला. “ती त्यांच्याकडे गेली नाही. माझ्या मांडीवर येऊन बसली. आल्या पावली परत गेले ते.”

दवाखान्यात असा गलका उठला की कुत्रीही त्यात सामील झाली. ताईला रडूच आलं. घड्याळजीला आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण ऐकतंय कोण? सोमवारी तिला घेऊन या, तपासणी करू, पत्रकात फोटो लावू, असं ओरडून सांगून तिनं फोन ठेवला. कार्डही करून टाकलं: नाव मनी, मादी, देशी.

सोमवारी दार ढकलून घड्याळजी आत आला. त्याच्या हाताशी सहा-सात वर्षांची मुलगी होती. तिनं एक जुनी शाल छातीशी धरली होती. ताईनं त्याच्या मागं पाहिलं, खाली पाहिलं.

“मनी कुठंय, दादा? टोपली बाहेर राहिली का?”

घड्याळजीचे कान लाल झाले. “तुम्ही मांजर म्हणालात तेव्हाच सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “पण मला दुसरं कोणी सांगणारं नव्हतं. आणि तुम्ही सांगितलेलं तिला लागू पडत होतं.”

ताईच्या हातातलं कार्ड गळून पडलं. शू कुठं करते, हे आपण विचारलं होतं, ते तिला आठवलं आणि ती कानापर्यंत तापली. मनी मामाच्या मागं लपली होती. तिथून तिनं ताईकडे बराच वेळ बघितलं. ही बाई फार घाबरलेली दिसते, असं तिला वाटलं असावं.

तिनं डोळे सावकाश मिटले आणि सावकाश उघडले.