लाल वायर, पांढरी वायर

माझ्या बायकोला, विमलाला, कमी ऐकू येतं, पण कानात मशीन घालायची नाही म्हणजे नाही. चार महिने ती मालिकेत नुसते चेहरे बघत होती. शेवटी मुलाने होम थिएटर पाठवलं आणि मी ते डिशच्या डब्याला जोडायला नातीला, ईराला, बसवलं.

"लाल वायर लालमध्ये, पांढरी पांढरीत. डब्यातून आवाज निघते, इकडे शिरते. चुकलं तर पुन्हा लावू, घाई नको करू."

तिसऱ्या खेपेला घर दणाणलं. "हो गया, आबा." त्या संध्याकाळी विमलाने मालिकेतला शब्द न शब्द ऐकला.

मालिकेच्या वेळेलाच आमच्या या हिंदीभाषी बुढापारा मोहल्ल्यात नळ येतात. त्यामुळे गल्लीतल्या बायका दुसऱ्या दिवशी दुपारी विमलाकडे गोष्ट ऐकायला जमतात. चार महिने जमत होत्या, तशा त्या याही दिवशी जमल्या. सासूने सुनेचे दागिने कसे लपवले, ते विमलाने जसंच्या तसं सांगितलं.

सोनिया मधूनच उठली. "काकी, आज मजा नहीं आया. कल तक तो सास कितनी अच्छी थी, अपने जेवर बेचकर बहू को पढ़ा रही थी."

बाकीच्याही उठल्या. विमलाने ईराला जवळ ओढलं आणि तिच्या कानात कुजबुजली. कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं कुजबुजणं, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.



"आबांनी तुले वायर जोडायले शिकवलं ना? आता मले काढायले शिकव."