चट्टा दिसायच्या आधी

कुष्ठरोगाची नवी रक्तचाचणी जुन्या नमुन्यांवर पडताळताना फ्रीझरमधून निघालेल्या एका कुपीवर तिला आईचं नाव दिसलं. बोटं झडून, घरापासून दूर वारलेल्या आईचं. आजोबांना रोग झाला तेव्हा घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं होतं, त्यातली ही कुपी. आत जेमतेम थेंबभर उरलं होतं. “ही राहू दे हवं तर,” सर हळूच म्हणाले. तिने मानेनेच नाही म्हटलं आणि थेंब पट्टीवर सोडला. पंधरा मिनिटांत ठसठशीत लाल रेघ उमटली. “चट्टा दिसायच्या चार वर्षं आधीच रक्तात खूण होती! चाचणी जमली, पोरी!” सरांचा आवाज भरून आला. ती मात्र कुपीवरची तारीख पुन्हा वाचू लागली. त्याच चार वर्षांत आई उकळतं पातेलं नुसत्या हातांनी उतरवू लागली, आणि ती मैत्रिणींना घरी आणून म्हणायची, “आई, पुन्हा उचलून दाखव ना!”