अडलेले शब्द

क्षमाने कार्डांचा गठ्ठा यंत्रात लावला आणि बटण दाबलं. ती नोकरीला होती त्या संस्थेचा कॉम्प्युटर जेवणाच्या सुट्टीत रिकामा असायचा. तिचे साहेब कृष्णमूर्ती यांनी तो वेळ तिला दिला होता, कशासाठी हे न विचारता.

एकेका कार्डावर एकेक शब्द होता, इंग्रजी अक्षरांत पंच केलेला. शब्द तिच्या वडिलांचे होते.

हयवदनराव, घरातले अण्णा, चामराजपेठेतल्या शाळेत जन्मभर कानडीतून गणित शिकवत आले होते. उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. हातापायांत हळूहळू जीव आला, पण जीभ लहरी झाली. काही शब्द सुटायचे, काही घशातच अडायचे. अडला की अण्णांच्या कपाळाची शीर ताठायची, डोळे भरायचे, आणि मग ते भिंतीकडे तोंड करून पडायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कुठले शब्द येतात आणि कुठले येत नाहीत ते टिपून ठेवा. क्षमा रोज टिपत होती.

"माझ्यावर राग धरलाय त्यांनी," आई, गोदूबाई, मागच्या आठवड्यात चुलीपाशी बसून म्हणाली होती. "डॉक्टर आले की दोन शब्द बोलतात. मी काही विचारलं की भिंत! काय चुकलं गं माझं?"

त्याचं उत्तर शोधायला क्षमाने प्रोग्रॅम लिहायला घेतले. अगदी छोटे, दहा-पंधरा ओळींचे. पहिल्याने शब्द आद्याक्षरावरून लावले. तिला वाटलं, एखादं अक्षरच जिभेला जड जात असेल. पण सुटलेले आणि अडलेले शब्द सगळ्याच अक्षरांत सारखे विखुरले. दुसऱ्याने लांबीवरून लावले. तिथेही तेच. 'मंगळवार' सरळ आला होता आणि 'ऊन' अडलं होतं.

आज तिने काहीच हुशारी केली नाही. सुटलेले एका रकान्यात, अडलेले दुसऱ्यात, एवढंच छापून घेतलं आणि कागद टेबलावर पसरून बसली.

कृष्णमूर्ती डबा संपवून आले. खांद्यावरून वाकून पाहत म्हणाले, "ही कसली मोजणी? साकु, देव, किटकी, पुस्तक, दीप, ऊट... हे सगळं समजतंय मला. पण या बाजूचं काय आहे? हिंदीतलं पाणी सोडलं तर मला एकही कळत नाही."

क्षमाने मान वर केली. कृष्णमूर्ती मैसूरचे. त्यांना मराठीचा गंधही नव्हता.

'किटकी.' अण्णा खिडकी म्हणायला गेले आणि जीभ अडखळली, असंच घरात सगळ्यांनी धरलं होतं. जीभ अडखळलीच नव्हती. कानडीत खिडकीला किटकीच म्हणतात. 'साकु' म्हणजे पुरे, 'ऊट' म्हणजे जेवण. हे दोन शब्द तर घरातल्या मराठीत पिढ्यान् पिढ्या असे मुरले होते की ते कानडी आहेत हे कुणाच्या कानाला जाणवलंच नव्हतं. आणि देव, पुस्तक, दीप तर दोन्हीकडचे.

तिने प्रत्येक कार्डावर आणखी एक भोक पाडलं: कानडी माणसाला हा शब्द आपला वाटेल की नाही, एवढ्यापुरतं. मग नवा प्रोग्रॅम लिहिला. कागद बाहेर आला तेव्हा दोन्ही गट स्वच्छ वेगळे झाले होते. अण्णांची कानडी शाबूत होती. अडली होती ती मराठी.

संध्याकाळी तिने आईला मागच्या अंगणात नेऊन सांगितलं.

"राग नाही गं आई. डॉक्टर कानडीत बोलतात. तू मराठीत विचारतेस, मग अण्णा मराठीत उत्तर शोधतात, आणि ते सापडत नाही. त्याची लाज वाटते त्यांना. तू कानडीत बोल."

"मी? त्यांच्याशी?" गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला. लग्न होऊन आल्यापासून नवराबायकोत मराठीशिवाय शब्द नव्हता. "मला भाजीवालीशी घासाघीस करण्यापुरती येते."

"तेवढी पुरे."

गोदूबाई बराच वेळ तुळशीपाशी उभ्या राहून ओठातल्या ओठात काही जुळवत होत्या. मग आत गेल्या. क्षमा दाराशी थांबली.

अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"निनगे काफी बेका?" गोदूबाईंनी एका दमात विचारून टाकलं.

क्षमाने जीभ चावली. भाजीवालीशी बोलून बोलून आईला कानडीत एवढंच येत होतं. 'तुम्हांला' नव्हे, 'तुला कॉफी हवी का?' जन्मात पहिल्यांदा तिने नवऱ्याला अरेतुरे केलं होतं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

अण्णा वळले. आधी नुसतेच पाहत राहिले. मग चेहऱ्याची एक बाजू हलली, दुसरी तिच्यामागून ओढली गेली. ते हसत होते.

"बेकु," ते म्हणाले. हवी. शब्द अडला नाही. त्यांनी स्वतःच चमकून श्वास घेतला आणि घाईने, तो निसटून जाण्याआधी, पुढचं बोलले. "निनगू तगोंडु बा."

गोदूबाईंनी दाराकडे पाहिलं. "काय म्हणाले गं? नीट कळलं नाही."

"तुझ्यासाठीही घेऊन ये म्हणाले."

गोदूबाई त्यांच्या आधी कधी जेवल्या नव्हत्या, त्यांच्यासमोर बसून कधी काही प्यायल्या नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन पेले घेऊन आल्या. एक त्यांच्या धडक्या हातात दिला. मग पदर सावरून खाटेच्या कडेला, अगदी टोकाला, एखाद्या नव्या नवरीसारख्या बसल्या.