भाऱ्याची गाठ

पावणे गावात जिथे आमचं खळं होतं, तिथे आता ट्रेलर उभे राहतात. त्यातला एक माझा पुतण्या दीपेश चालवतो. त्या दुपारी त्याच्या सीलबंद ट्रेलरमधून दोर घासल्याचा आवाज यायला लागला.

"दोर कुठला, काकी? ॲसिडची पिंपं मीच बेल्टनं आवळलीत. सील पन माज्यासमोर लागलंय."

"म्हंजे म्हातारीला भास होतात?"

तो हसला, तोच पुन्हा आवाज आला. पिंप सुटलं तर जबाबदार तोच. कंपनीला फोनवर विचारून त्याने सील तोडलं.

आत बेल्ट नीट घड्या घालून ठेवलेले होते. पिंपं काथ्याच्या दोराने बांधली होती आणि गाठ भाताच्या भाऱ्याची होती. अशी उलट्या हाताची गाठ फक्त माझे सासरे मारायचे. भाऱ्यावर गुडघा रोवून दोर ओढायचे. इथे कारखाने यायच्या आधीच ते गेले.

"मागं व्हा, काकी!" दीपेश ओरडला.

मधल्या पिंपाच्या पोटात गुडघ्याएवढा खळगा पडत होता आणि दोर आणखी आवळत होता.