हिचा काही त्रास नाही

डॉक्टरांनी खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा चढवला आणि ते बांडीच्या मागे उभे राहिले. थोरलीनं गायीचं तोंड छातीशी धरलं. फाटकाबाहेर गुरांच्या व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता. बोलणं आधीच झालं होतं: बांडी गाभण निघाली तर टेम्पो रिकामा परत जाईल, नाहीतर तिला घेऊन.

बाबांना काळजी नव्हती. कृत्रिम रेतन करून तीन महिने होत आले होते आणि त्यानंतर बांडी एकदाही माजावर आली नव्हती. ना हंबरली, ना दाव्याला हिसडे दिले. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं ते व्यापाऱ्यालाही सांगून आले होते, वर चहा पाजून. "हिचा काही त्रास नाही," बांडीच्या पाठीवर थाप मारत ते डॉक्टरांना म्हणाले. "गोठ्यात सगळ्यात जास्त दूध, आणि मागणं म्हणून काही नाही."

थोरलीला हे वाक्य पाठ होतं. धाकट्या दोघी बहिणींची लग्नं जुळवायला पाहुणे येत, तेव्हा बाबा तिची ओळखही अशीच करून देत. पहाटेची धार काय, दूध पोचवणं काय, सगळं ही बघते, हिचा काही त्रास नाही. बोलण्यात कौतुकच असायचं. तिनंही ते कौतुक म्हणूनच घेतलं होतं, बरीच वर्षं.

डॉक्टरांचा हात बराच वेळ आत चाचपत राहिला. मग त्यांनी तो बाहेर काढला, मोजा उलटा सोलून टाकला आणि मान हलवली. गर्भाची पिशवी रिकामी होती.

"पण ती माजावर आलीच नाही," बाबा म्हणाले.

"आली असणार. मुका माज म्हणतात त्याला."

हात धुता धुता डॉक्टर सांगत राहिले, दुखावणार नाही अशा बेतानं. बांडीची पणजी हंबरायला लागली की गल्ली गोळा व्हायची, पण दूध जेमतेम. तेव्हापासून बाबांनी दर पिढीला वळू निवडला तो एकच गोष्ट बघून, दूध. दूध वाढत गेलं आणि त्याच रक्तातून हे मुकेपणही खाली उतरत गेलं. आता खाल्लेलं सारं कासेत जातं, तिच्या स्वतःच्या वाट्याला काही उरत नाही. बांडीची एक मावशी दूध कमी म्हणून बाबांनी विकून टाकली होती. ती पलीकडच्या गोठ्यात अजून दरसाल वीत होती.

"मग आम्हाला कळायचं कसं?" बाबांचा आवाज चढला.

"जवळ थांबून बघावं लागतं. तिला वाटत असतं सगळं. ती फक्त सांगत नाही."

बाबांची नजर गायीवरून थोरलीकडे आली, तिच्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांवर थांबली आणि तिथंच राहिली. थोरलीनं बांडीच्या कपाळाला गाल टेकवला. ही गाय तिनं वासरू असताना बाटलीनं पाजून वाढवली होती. तिला रडू फुटलं, आणि ते नुसतं बांडीसाठी नाही, हे तिचं तिलाच कळलं.

व्यापाऱ्यानं फाटकातून हाक दिली. बाबा थोरलीजवळ सरकले.

"पोरी," ते शेवटी म्हणाले, "तुला कधी..."

"धार राहिलीय, बाबा," थोरली म्हणाली. "कास तटतटलीय. अशी कशी पाठवायची?"

डोळे पुसून ती बादली घेऊन खाली बसली. हात लागताच बांडीनं पान्हा सोडला, रोजच्यासारखा. व्यापारी टेम्पोची फळी खाली पाडत होता, तो आवाज ऐकूनही तिनं दूध चोरलं नाही. फेस काठावर आला तसा थोरलीनं न बघताच हात मागे केला. बाबा दुसरी रिकामी बादली घेऊन तिथंच उभे होते. ती तिच्या हातात द्यायला त्यांचा हात पुढे होईना.