जबाबाची तालीम

"तिला दारू कोणी दिली?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"तिनं स्वतःच घेतली, मॅडम," अल्पेश म्हणाला. उद्या कॉलेजच्या चौकशी समितीवर अध्यक्ष म्हणून बाई बसणार होत्या, म्हणून आज साहेबांनाच मॅडम म्हणायचं ठरलं होतं.

समितीपुढे वकील चालत नाही. तेव्हा साहेबांनी अल्पेशच्या अंबरनाथच्या बंगल्यातच तालीम लावली होती. थोरल्या भावाच्या, धर्मेशच्या हळदीला अल्पेशच्या वर्गातली अक्षदा आली होती, प्यायली होती. वरच्या खोलीत अल्पेशनं आपल्यावर जबरदस्ती केली, असा अर्ज तिनं पंधरवड्यानं कॉलेजात दिला. अल्पेश म्हणत होता, सगळं राजीखुशीनं झालं. समितीनं तिचं खरं धरलं तर शेवटचं वर्ष हातचं जाणार होतं, आणि पाठोपाठ पोलीस दारात येणार होते.

अल्पेशची आई, सगुणाबाई, भिजवलेले वाल सोलत कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांना पहिल्यापासून त्या मुलीचाच संशय होता. आगऱ्यांच्या हळदीला दारू असते, यात नवल नाही. पण पोरांच्या घोळक्यात ग्लास घेऊन नाचायचं आणि पंधरा दिवसांनी जागं व्हायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. बंगला डोळ्यांत भरला असेल, दुसरं काय. पण सकाळपासून त्यांना आणखीही एक गोष्ट खटकत होती. तालमीच्या पहिल्या फेरीत पोरगी खोलीत पडली होती. दुसऱ्या फेरीत ती बसली होती. आता तर ती स्वतःच्या पायांनी जिना चढून वर गेली होती. खरी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली की शिळी होते. ही दर खेपेला ताजी होत होती.

"मी पण प्यायलो होतो ना," अल्पेश मध्येच भडकला. "दोघंपण टाइट होतो. मग ती बिचारी आणि मी हरामी? मला कोण विचारतंय, तुझी शुद्ध होती का म्हणून?"

"बरोबर बोलतंय पोर," त्याचे वडील हरिचंद्र म्हणाले. "तिला एक न्याय नि याला दुसरा, असा कसा चालेल?"

यात खोट काढावी असं सगुणाबाईंनाही काही सापडलं नाही.

"हे उद्या बोल. फक्त आवाज खाली ठेव," साहेब म्हणाले. "आता सांग, ती शुद्धीत होती असं तुला कशावरून वाटलं?"

"बोलत होती ना मस्त. हसत होती. पलंगावर बसली आणि मला म्हणते, दादा, कात्रप आलं का? माझ्याकडे सुट्टे नाहीत." अल्पेशला हसू आलं. "कात्रपला राहते ना ती. तिला वाटलं रिक्षातच बसलीय. फुल मस्तीत होती, मॅडम."

साहेब हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"हे तिथं बोलायचं नाही."

"का? ती खुशीत होती, त्याचाच तर पुरावा आहे."

"बोलायचं नाही म्हटलं ना. ती नीट बोलत होती, एवढंच सांगायचं."

वाल सोलता सोलता सगुणाबाईंचा हात थांबला. या साहेबांशी त्यांची ओळख जुनी होती. सासऱ्यांना बारमध्ये बसवून, पाजून, दलालांनी जमिनीच्या कागदावर त्यांचा अंगठा घेतला होता. तो खटला साहेबांनीच लढवला. त्या दिवशी घरी आलेले सासरे सुनेला आपली मेलेली बहीण समजून बोलत होते, आणि सगुणाबाईंनी कोर्टात तेवढंच सांगितलं होतं. मग साहेब उभे राहिले होते. आपण कुठे आहोत हेच ज्याला कळत नाही, त्याचा होकार कसला, असं त्यांनी भर कोर्टात विचारलं होतं. जमीन परत आली. हा बंगला त्याच जमिनीवर उभा होता.

"वहिनी," साहेब आता त्यांच्याकडे वळले. "घरातली बाई म्हणून तुम्हालाही बोलावतील. मुलगी जेवली, तुमच्याशी नीट बोलली, आपल्या पायांनी वर गेली. एवढं सांगायचं. जमेल ना?"

"साहेब, सासऱ्यांच्या टायमाला तुम्ही उलटा बोलले व्हते."

"ती जमिनीची केस होती, वहिनी."

"अगो, पोराच्या जिंदगीची गोष्ट हाय," हरिचंद्र म्हणाले. "आता कशाला जुना उकरतंस?"

सगुणाबाईंनी पदराला हात पुसले. पोर त्यांचं होतं, पोटचं होतं. तो सुटावा असं त्यांना जिवापासून वाटत होतं. मला काय कळणार, मीच शुद्धीत नव्हतो, एवढं तो म्हणाला असता तरी त्यांना पुरलं असतं. उद्या त्यांनी साहेबांची सगळी वाक्यं देवाची शपथ घेऊन म्हटली असती.

"अल्पेश," त्या म्हणाल्या, "ती इचारत व्हती ना, कात्रप आला का. मंग तू काय बोललास तिला?"

अल्पेशनं वडिलांकडे पाहिलं, मग साहेबांकडे. या प्रश्नाची तालीम झाली नव्हती.

"काय बोलणार, मम्मी," तो म्हणाला. "बोललो, हो, आलं. घरीच आहेस तू."